वरचं, खालचं

एका सोमवारी वरचं स्टेशन गेलं,
पुढच्या सोमवारी खालचं.
निपाणीत आम्ही असंच म्हणायचो:
वरचं मराठी, खालचं कानडी,
आणि डायलवर दोघांत अंतर किती,
तर बिडी बांधायच्या दोऱ्याएवढं.

दुकानाची पाटी मी दोन्ही लिप्यांत लिहून घेतली होती.
एकदा एकांनी अर्धी फासली,
सात वर्षांनी दुसऱ्यांनी उरलेली.
मग पाटीच काढली. गिऱ्हाईक वासावर येतं,
रोझिनच्या आणि तापल्या सोल्डरच्या.

रेडिओला मात्र कुणी डांबर लावलं नाही.
त्याच्या पोटात सरहद्द कुठून जाते
हे एकट्या मला ठाऊक.
गँगची पानं उघडली की तंबाखूचे भाव मराठीत,
केसभर मिटली की तोच तंबाखू कानडीत.
बरोबर मधे सुई ठेवली
तर दोघं एकमेकांवर बोलतात.
कणगल्याच्या होन्नव्वाची सुई कायम तिथं.

सारखी करून देऊ का, मी विचारायचो.
"नगो गा. दोगंबी असू देत.
एक गप झाला तर दुसरा हाय की."

आणि आता दोन्ही गप.
गुरुवारच्या बाजारात ती आली,
सेट टॉवेलात गुंडाळून, काखेत, कोंबडीसारखा.
"मेला काय की."
मी उघडला. सेल नवे.
फेराइटची कांडी शाबूत, तारेचा एकही वेढा सुटलेला नाही,
स्पीकरच्या कागदाला मीच लावलेलं ठिगळ,
तेही धरून आहे.
सगळं चालू होतं.
ऐकणाऱ्यात बिघाड नाही,
बोलणारा उठून गेलाय,
हे बिलावर कसं लिहायचं?

एफएमवर गेलेत, म्हटलं.
"मग तिकडं लाव की."

लावलं. एकशेचाळीस रुपयांची प्लेट बसवली,
रविवारी स्वतः कणगल्याला गेलो.
मीडियम वेव्ह कशी, जमीन धरून चालायची,
ओढ्यात उतरायची, उसातून यायची,
घाट आडवा आला तर वळसा घालायची.
ह्या नव्याला समोरासमोर लागतं.
कोल्हापुराहून निघतो, तवंदीच्या माथ्यापर्यंत येतो,
आणि कणगल्याच्या कौलांवरून निघून जातो,
स्टॉपवर न थांबणाऱ्या एस.टी.सारखा.
पाण्याच्या टाकीवर चढून मी तार धरली हात वर करून:
एका सराफाची जाहिरात, अर्धी.
मग वारा.

खाली ती सूप मांडीवर घेऊन बसलेली.
तिच्या घरात घड्याळ नाही.
सकाळच्या बातम्या संपल्या की पानं भिजवायची,
दुपारच्या लागल्या की भात उतरायचा.
"परवा करपला बग," म्हणाली.
तिच्या गुडघ्यांना टाकी चढता येणार नव्हती.
मी प्लेट काढली, जुनी वायर जिथल्या तिथं जोडली.
पैसे घेतले नाहीत. तिनं बिडीचे दोन कट्टे दिले.
मी ओढत नाही.

त्याच रात्री, अकरा वाजून गेल्यावर,
दुकानातल्या जुन्या सेटवर सहज सुई फिरवली,
ती दोघं जिथं असायची तिथं आणली.
शेजारी घर सोडून गेले
की त्यांच्या पलीकडच्यांचा खोकला ऐकू येतो,
तसं काहीतरी.
आत खोल एक माणूस बोलत होता.
लाटेवर वर यायचा, बुडायचा, पुन्हा वर.
मराठी नाही, कानडी नाही.
तमिळ असेल, सिंहली असेल, समुद्रापलीकडची कुठली असेल.
इतकी वर्षं हा ह्यांच्या आवाजाखाली दबून
बोलतच होता की काय.

होन्नव्वाच्या सुनेला फोन लावला.
म्हातारीला सांग, सुई हलवू नको,
रात्री जेवणं झाल्यावर लाव.

पुढच्या गुरुवारी ती रिकाम्या हातानं आली.
"आला गा एकजण. काय बोलतोय कळत न्हाई.
मधेच थांबतोय, पाणी पितोय बग,
मग परत सुरू."

कुठल्या बाजूचा वाटतो?
सवयीनं विचारून गेलो.

"रातचा," ती म्हणाली.
"दिवसाचं काय करायचं ते सांग."